योजनेतला गॅस्ट्रो शोधताय? मग या क्रमाने चला

"फुले योजना घेणारा एखादा चांगला पोटाचा डॉक्टर सांगा ना" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, झालंय काय आणि कागद काय आहेत? बरेच जण डॉक्टरचं नाव शोधत बसतात आणि तिथेच गाडी अडकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (आणि तिच्याशी जोडलेली आयुष्मान भारत) डॉक्टरला लागू नसते, हॉस्पिटलला असते, तेही अख्ख्या हॉस्पिटलला नाही तर स्पेशालिटीप्रमाणे, आणि पैसे मिळतात ते ठरलेल्या आजाराच्या किंवा ऑपरेशनच्या पॅकेजला. म्हणजे तीन गोष्टी एकाच ठिकाणी जुळायला लागतात: हॉस्पिटल, त्यातली गॅस्ट्रोची (पोट-आतडी-लिव्हरची) स्पेशालिटी आणि तुमचं पॅकेज. यातली एक जरी सुटली तरी काउंटरवर "हे योजनेत नाही बसत" ऐकायला मिळतं.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या माणसासाठी आहे. ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) आणि सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) वाल्यांसाठी पुढे वेगळा टप्पा आहे, त्यांचा रस्ता निराळा.

थांबा, आधी हे बघा: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, काविळीसोबत थंडी वाजून ताप, पोट दगडासारखं कडक होऊन असह्य दुखणं, किंवा लिव्हरचा जुना पेशंट अचानक असंबद्ध बोलायला लागणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा आणि जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. योजनेचे कागद नंतर देता येतात, ते टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा १: नक्की कुठला डॉक्टर हवाय ते आधी ठरवा

"पोटाचा डॉक्टर" म्हणजे एकच माणूस नसतो आणि योजनेतही ही खाती वेगळी आहेत. मेडिकल गॅस्ट्रो म्हणजे औषधं आणि दुर्बीणवाला: एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणं), लिव्हर, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचे अल्सर. सर्जिकल गॅस्ट्रो म्हणजे आतडं, लिव्हर, स्वादुपिंड यांची मोठी ऑपरेशनं करणारा. आणि तिसरा आपला जनरल सर्जन.

मूळव्याध, फिशर, भगंदर, हर्निया, अपेंडिक्स आणि पित्ताशयातले साधे खडे यासाठी बहुतेक वेळा गॅस्ट्रो लागतच नाही, जनरल सर्जन पुरतो आणि योजनेत जनरल सर्जरी असलेली हॉस्पिटलं कितीतरी जास्त सापडतात, त्यामुळे मूळव्याधीसाठी तालुका सोडून मोठ्या शहरात गॅस्ट्रो शोधत फिरणाऱ्यांनी आधी गावातल्या सर्जनला दाखवावं. पण शौचातून रक्त जातंय म्हणजे मूळव्याधच, असं स्वतःच ठरवू नका, विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल तर. तिथे कोलोनोस्कोपी हवी का हे डॉक्टरनेच ठरवायचं.

खडा पित्ताशयातून सटकून पित्तनलिकेत अडकला तर मात्र मामला बदलतो. मग आधी गॅस्ट्रो ईआरसीपी करून तो काढतो आणि नंतर सर्जन पित्ताशय काढतो, म्हणजे दोन वेगळ्या स्पेशालिटी लागतात, दोन्ही एकाच हॉस्पिटलात योजनेखाली असतील तर उत्तम, नसतील तर काय होतं ते पुढे सांगतो.

हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला असेल तर लगेच विमा शोधू नका. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, म्हणजे २०१८ पासून, सरकारी उपचार केंद्रांवर याच्या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. सिव्हिलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजमध्ये "हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे?" एवढं विचारायचं.

चेक: तुमच्या कागदावर निदानाचं नाव लिहिलेलं आहे का? नुसतं "पोटदुखी" लिहिलं असेल तर टप्पा ३ झाल्याशिवाय हॉस्पिटल शोधण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: घरी बसून कागद सरळ करा

हे काम आजारी पडायच्या आधी करायचं असतं पण कोणी करत नाही, ठीक आहे, निदान आता तरी करा.

आधी रेशनकार्ड. १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि पांढरं सुद्धा, आणि कव्हर कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत. अजूनही "आमचं पांढरं आहे, आम्हाला काय मिळणार" म्हणत घरी बसलेले लोक भेटतात, आणि अजूनही दीड लाखाचा जुना आकडा सांगणारे काउंटर पण भेटतात. दोघांचीही माहिती जुनी आहे.

मग नाव. पेशंटचं नाव रेशनकार्डवर हवं. नवी सून आणि लहान मूल, ही दोन नावं हमखास राहिलेली असतात. आधारवर "सुमन विठ्ठल" आणि रेशनकार्डवर "सुमनबाई विठ्ठलराव" असला प्रकारही अडवतो. रेशनकार्डचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसतोय का तेही बघून ठेवा, कारण कार्ड हातात असतं पण ऑनलाइन नोंदच नाही अशा केसेस असतात आणि त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर सुटत नाहीत, तहसीलच्या पुरवठा शाखेत सुटतात.

आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, ओटीपी त्याच्यावर येतो. बंद पडलेल्या सिमवर ओटीपी जातो आणि इकडे घरचे सगळे एकमेकांकडे बघत उभे.

आयुष्मान कार्ड काढून घ्या. आयुष्मान ॲपवरून घरी निघतं, नाहीतर सीएससी केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. घरात ७० पूर्ण झालेलं कोणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचं कव्हर आहे, आणि कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तरी ज्येष्ठांसाठीचं हे कव्हर त्याच्यावर जादा मिळतं. यात वय आधारवरचं धरतात. आजोबा खरे ७४ चे आणि आधारवर ६८ चे, हे आपल्याकडे घरोघरी.

खबरदारी: कार्ड "काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला आधार आणि ओटीपी देऊ नका. नाव दुरुस्तीला वेळ लागतो, पण ती रीतसरच करा.

## टप्पा ३: निदान आधी, योजना नंतर

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. योजना ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आणि ठरावीक प्रोसिजरसाठी आहे. साधी ओपीडी, म्हणजे डॉक्टरला नुसतं दाखवणं, ॲसिडिटीच्या गोळ्या, आयबीएसचा फॉलोअप, सहज करून घेतलेली सोनोग्राफी, हे त्यात येत नाही. त्यामुळे "योजनेतला गॅस्ट्रो मिळाला पण कन्सल्टिंग फी घेतली" अशी तक्रार घेऊन आलात तर साधी भेट योजनेत धरलेली नसते हे लक्षात घ्या. ॲडमिशन ठरल्यावर त्याच पॅकेजमधल्या तपासण्यांचे पैसे घेणं मात्र चूक.

मग निदान स्वस्तात कुठे होईल? माझं मत सरळ आहे, पहिली पायरी सरकारी. आरोग्य विभागाच्या ताब्यातली हॉस्पिटलं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, यांच्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे गॅस्ट्रो क्वचितच असतो पण फिजिशियन, सर्जन, रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी होते. खरा डीएम (म्हणजे गॅस्ट्रोची वरची डिग्री घेतलेला) गॅस्ट्रो हवा असेल तर मोठी सरकारी आणि पालिकेची मेडिकल कॉलेजं: मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी. इथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे थोडे पैसे लागतात, गर्दी असते, पण दिवसभर हेच बघणारे डॉक्टर असतात.

गॅस्ट्रोची ओपीडी बऱ्याच ठिकाणी रोज नसते, ठरावीक वारी असते. गावाहून निघायच्या आधी वार आणि केसपेपरची वेळ विचारा. सकाळी ११ ला पोचून "केसपेपर बंद झाला" ऐकण्यात काही राम नाही.

पहिल्या भेटीला काय न्यायचं:

- जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, सगळ्यात नवा वर.
- सीटी किंवा एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) झालं असेल तर फक्त कागद नाही, सीडी किंवा फिल्म पण. गॅस्ट्रो फोटो स्वतः बघतो.
- बायोप्सी झाली असेल तर रिपोर्ट, आणि लॅबकडून स्लाइड-ब्लॉक मिळतात का ते विचारून ठेवा.
- चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स. "एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी" यावरून कोणालाच काही कळत नाही. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या गोळ्या तर आवर्जून दाखवा, एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपीच्या आधी त्यांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात, स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- दारू, तंबाखू, गावठी काढे, जिमची पावडर जे काय असेल ते खरं सांगा. लिव्हरच्या केसमध्ये निम्मं उत्तर इथेच असतं आणि बायकोसमोर नको असेल तर डॉक्टरला एकटं भेटा.

उपाशीपोटी गेलात तर सोनोग्राफी किंवा एंडोस्कोपी त्याच दिवशी व्हायची शक्यता असते, पण डायबेटिस असेल तर आधी विचारून.

चेक: या टप्प्यानंतर हातात असा कागद हवा ज्याच्यावर निदान, सुचवलेला उपचार ("ईआरसीपी", "बँडिंग", "ॲडमिशन फॉर ॲक्युट पँक्रियाटायटिस") आणि डॉक्टरची सही-शिक्का-रजिस्ट्रेशन नंबर आहे.

## टप्पा ४: हॉस्पिटलची यादी काढा, पण स्पेशालिटी लावून

यादी तीन ठिकाणी मिळते. राज्य योजनेची वेबसाइट जीवनदायी डॉट जीओव्ही डॉट इन, आयुष्मानचं हॉस्पिटल शोधायचं पान, आणि फोनवर हेल्पलाइन: राज्याची १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानची १४५५५.

शोधताना जिल्हा टाकून थांबू नका, स्पेशालिटीचा रकाना भराच. आणि दोनदा शोधा, एकदा गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी आणि एकदा सर्जिकल गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी. शेजारचे जिल्हे पण टाका. योजना जिल्ह्यापुरती बांधलेली नाही, धाराशिवचा माणूस सोलापुरात किंवा पुण्यात उपचार घेऊ शकतो.

मग आपलं पॅकेज. हेल्पलाइनवर विचारा, किंवा कुठल्याही पॅनलवरच्या (योजनेच्या यादीतल्या) हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, निदानाचा कागद दाखवून विचारा की हे कोणत्या पॅकेजमध्ये बसतं. काही पॅकेजेस फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव असतात, ती खासगीत कितीही ओळख लावली तरी मिळत नाहीत, तेव्हा भांडण्यात वेळ घालवू नका आणि सरळ सरकारी कॉलेज धरा. पॅकेजच्या याद्या सरकार मधूनमधून बदलतं, म्हणून कोणीतरी फॉरवर्ड केलेली जुनी पीडीएफ धरून चालू नका.

तीन-चार नावं निघाली की पुरे.

## टप्पा ५: फोन. "योजना आहे का?" एवढंच विचारू नका

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना कावीळ झाली, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि पित्तनलिका फुगलेली. मुलाने एका हॉस्पिटलला फोन केला, "तुमच्याकडे फुले योजना आहे का?" तिकडून "हो आहे, घेऊन या." गाडी करून नेलं. तिथे कळलं की योजना आहे ती जनरल सर्जरीला आणि ऑर्थोला. गॅस्ट्रो बाहेरून येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याचं ईआरसीपी कॅश, नंतरचं पित्ताशयाचं ऑपरेशन योजनेत. फोनवर कोणी खोटं बोललं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं.

म्हणून फोन असा करा. रिसेप्शनला सांगायचं, "आरोग्यमित्रांना फोन द्या." प्रत्येक पॅनलवरच्या हॉस्पिटलात योजनेचा आरोग्यमित्र असतो. मग:

"नमस्कार ताई, पेशंट ५८ वर्षांची, पित्तनलिकेत खडा आहे, ईआरसीपी सांगितलंय, एमआरसीपीचा रिपोर्ट आहे. तुमच्याकडे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी ही स्पेशालिटी योजनेत आहे का?"

"हो" आलं की पुढचे:

"हे ईआरसीपीचं पॅकेज सध्या तुमच्याकडे चालू आहे का, गेल्या महिन्याभरात केस झालीय का?" हा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण यादीत असणं आणि प्रत्यक्षात करणं यात फरक असतो. मशीन बंद, डॉक्टर सोडून गेले, असं काहीही असू शकतं.

"गॅस्ट्रोचे डॉक्टर रोज असतात की ठरावीक दिवशी? योजनेचे पेशंट तेच बघतात ना?"

"योजनेचा बेड कधी मिळेल, आणि काय काय कागद आणू?"

नाव, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर "अमुक तारखेला अमुक वाजता आरोग्यमित्रांनी सांगितलं" याला वजन असतं, "कोणीतरी म्हणालं" याला काही नसतं.

नेहमीची चूक: फोनवर "पोटाचं ऑपरेशन आहे" म्हणणं. समोरचा जनरल सर्जरी समजून हो म्हणतो. कागदावरचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवा, उच्चार चुकला तरी चालेल, स्पेलिंग सांगा.

## टप्पा ६: डॉक्टर खरंच गॅस्ट्रो आहे ना

पाटीवर "पोटविकार तज्ज्ञ" कोणीही लिहितं. मेडिकल गॅस्ट्रो म्हणजे एमडी (किंवा डीएनबी) मेडिसिननंतर डीएम किंवा डीआरएनबी गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी. सर्जिकलला एमएस सर्जरीनंतर एमसीएच किंवा तशीच डीआरएनबी. एंडोस्कोपीची फेलोशिप केलेले चांगले सर्जन-फिजिशियन पण असतात आणि साध्या एंडोस्कोपीला ते पुरेसे आहेत, पण ईआरसीपी, सिऱ्होसिस (लिव्हर कडक होणं), क्रॉन्स, कोलायटिस (आतड्याच्या सुजेचे जुनाट आजार) अशा गोष्टींना मी तरी डीएमच बघेन.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून रजिस्ट्रेशन आणि नोंदवलेली डिग्री बघता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ७: हॉस्पिटलात पाय ठेवला की आधी आरोग्यमित्र

क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटा झाला की पैसे जातात.

१. कॅश काउंटरवर जायच्या आधी योजनेच्या डेस्कवर जा. रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, निदानाचे कागद, सगळं ओरिजिनल आणि झेरॉक्सचे दोन सेट.

२. नोंदणी होते, पेशंटचं केवायसी होतं. पेशंट स्वतः हजर लागतो, नुसती फाइल घेऊन "आधी अप्रूव्हल काढून द्या मग आणतो" सहसा चालत नाही.

३. डॉक्टर तपासतात, गरजेच्या तपासण्या होतात आणि हॉस्पिटल प्रीऑथ म्हणजे आधीची मंजुरी मागतं. रिपोर्ट आणि पेशंटचा बेडवरचा फोटो अपलोड होतो.

४. मंजुरी येते किंवा क्वेरी येते. क्वेरी म्हणजे नकार नाही, बहुतेक वेळा एखादा रिपोर्ट कमी असतो किंवा अंधुक स्कॅन झालेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ आरोग्यमित्राला विचारा "क्वेरी आलीय का, काय मागितलंय?" कारण क्वेरीला उत्तर हॉस्पिटलने द्यायचं असतं आणि तिथे ती दोन दिवस पडून राहू शकते, तुम्ही इकडे समजता सरकारनेच अडवलंय.

५. मंजुरीनंतर प्रोसिजर.

आधी कॅशमध्ये ॲडमिट होऊन "नंतर योजनेत टाकू" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. भरलेले पैसे नंतर परत मिळतील असं धरून चालूच नका, ही योजना कॅशलेस आहे, बिलं जमा करून पैसे मागायची नाही.

इमर्जन्सीत मात्र मंजुरीची वाट बघत बसावं लागत नाही. हॉस्पिटल योजनेला फोनवर कळवून उपचार सुरू करतं आणि कागद द्यायला नंतर मुदत मिळते. तुमचं काम एवढंच की ॲडमिट करतानाच "पेशंट योजनेतला आहे, इमर्जन्सीचं फोन इंटिमेशन करा" हे स्पष्ट म्हणायचं, आणि एक जण पेशंटजवळ, दुसरा रेशनकार्ड आणायला घरी. कागदाची मुदत किती ते तिथल्या तिथे विचारून घ्या.

चेक: मंजुरीचा मेसेज किंवा प्रिंट बघितली का? पॅकेजचं नाव तुमच्या उपचाराशी जुळतंय का? पित्तनलिकेच्या केसमध्ये ईआरसीपी आणि पित्ताशय या दोन्हींची मंजुरी वेगवेगळी विचारा.

## टप्पा ८: पैसे मागितले तर

पॅकेजमध्ये बेड, डॉक्टर, औषधं, तपासण्या, लागणारं सामान, जेवण हे सगळं धरलेलं असतं, आणि डिस्चार्जनंतर काही दिवसांची औषधं पण. तरी "स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवायला आत बसवतात ती छोटी नळी) चांगल्या कंपनीचा हवा तर फरक भरा", "हे इंजेक्शन बाहेरून आणा" असं होतं. आवाज चढवायच्या आधी शांतपणे म्हणा, "लेखी द्या, पॅकेजमध्ये नाही असं." बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो.

नाही मिटला तर: बाहेरून आणलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती पेशंटच्या नावाने, चिठ्ठीचा फोटो, आधी आरोग्यमित्र, मग योजनेचा जिल्हा समन्वयक, सोबत १५५३८८ वर तक्रार आणि तक्रारीचा नंबर. सिव्हिल सर्जनच्या ऑफिसला एक प्रत. पेशंट ॲडमिट असतानाच तक्रार केली तर हलतात, महिन्याने केली तर फाइल फिरत राहते. कोऱ्या फॉर्मवर किंवा "माझ्याकडून कोणतेही पैसे घेतलेले नाहीत" या कागदावर न वाचता सही करू नका.

## टप्पा ९: ईएसआयसी आणि सीजीएचएसवाल्यांचा रस्ता वेगळा

पगार महिना २१,००० पर्यंत आणि ईएसआय कापला जातोय, तर आधी तुमचा ईएसआयचा दवाखाना, तिथून ईएसआय हॉस्पिटल, आणि तिथे गॅस्ट्रो नसेल तर तेच टाय-अप (ईएसआयशी करार असलेल्या) हॉस्पिटलला रेफर करतात. रेफरलशिवाय थेट टाय-अपला गेलात तर बिल तुमच्या डोक्यावर, इमर्जन्सी सोडून, आणि इमर्जन्सीतही लगेच कळवायचं. सुपर स्पेशालिटीसाठी काँट्रिब्युशनची (पगारातून ईएसआय किती काळ कापला गेलाय याची) अट असते, नुकतीच नोकरी बदलली असेल तर शाखा कार्यालयात पात्रता बघून घ्या. आई-बाबांची नावं ई-पेहचान कार्डवर आहेत का तेही. रेफरलची तारीख आणि त्यावर लिहिलेली प्रोसिजर वाचा, "कोलोनोस्कोपी" लिहिलं असेल तर त्या कागदावर ईआरसीपी होणार नाही, परत जावं लागतं.

सीजीएचएसला वेलनेस सेंटरचं (त्यांच्या दवाखान्याचं) रेफरल, आणि पॅनलची यादी इथे पण स्पेशालिटीप्रमाणेच वाचायची. काही हॉस्पिटलं फक्त ठरावीक सेवांसाठी पॅनलवर असतात.

## टप्पा १०: पॅकेजमध्ये बसलंच नाही तर

कोलोनोस्कोपी फक्त तपासणी म्हणून हवी आहे, किंवा क्रॉन्सची महागडी इंजेक्शनं, असं काही असेल तर धर्मादाय हॉस्पिटल बघा. सार्वजनिक ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सहसा मागतात, त्याला वेळ जातो, म्हणून तो टप्पा २ सोबतच काढून ठेवलेला बरा. हॉस्पिटलात आरोग्यमित्राकडे नाही, मेडिकल सोशल वर्करकडे जायचं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज हा त्यानंतरचा पर्याय, आणि तिथेही हॉस्पिटलचं खर्चाचं एस्टिमेट आधी लागतं.

## टप्पा ११: डिस्चार्जच्या वेळी काय घ्यायचं

डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, एंडोस्कोपीचे फोटो, बायोप्सी पाठवली असेल तर ती कुठल्या लॅबला आणि कधी येणार. घरी द्यायची औषधं योजनेतून मिळाली का. फॉलोअप कोणत्या वारी आणि तो योजनेत धरलाय की ओपीडीचे पैसे लागणार. काही पॅकेजना फॉलोअपचं वेगळं पॅकेज असतं, म्हणून विचारा.

ईआरसीपीमध्ये प्लास्टिकचा स्टेंट टाकला असेल तर ही एक ओळ डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका: स्टेंट कधी काढायचा. साधारण तीन महिन्यांच्या आत काढतात, पण तुमची तारीख डॉक्टरच देणार. पोट दुखायचं थांबलेलं असतं, माणूस शेतात-कामावर परत जातो, स्टेंट आत राहतो, तुंबतो, आणि ताप-कावीळ घेऊन परत इमर्जन्सीत. ती तारीख मोबाइलमध्ये टाका, घरातल्या दोघांच्या, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी आरोग्यमित्राला फोन करा, कारण स्टेंट काढायलाही कागद, बेड आणि बहुतेक वेळा नवीन मंजुरी लागते.